शितावरून भाताची परीक्षा पुरेशी असते काय?
वैद्यकीय पुरावा कसा गोळा होतो आणि तो रुग्णाच्या खाटेपर्यंत कसा पोहोचतो

वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाची दृष्टी प्रथम आकड्यांकडे वळते. किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया झाल्या, देणग्यांचा विनियोग कसा झाला, याची माहिती देणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु या सर्व आकड्यांच्या मुळाशी एक प्रश्न असतो, जो ताळेबंदात कोठेही दिसत नाही. आम्ही जो उपचार देतो तो खरोखर गुणकारी आहे, हे आम्हांस कशावरून ठाऊक? देणगीदाराचा पैसा आणि रुग्णाचा विश्वास या दोहोंचा आधार अखेर या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर असतो. म्हणून हा लेख त्या प्रश्नासाठी.

उदाहरण आमच्याच प्रसूती विभागातील घेऊ. दिवस पूर्ण भरण्याच्या पुष्कळ आधी कळा सुरू झालेली माता दाखल झाली, की योग्य ती तपासणी करून तिला एक इंजेक्शन सुरू केले जाते. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या सासूबाई, आई किंवा पती यांस आम्ही सांगतो की हे बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे. त्यावर स्वाभाविकपणे प्रश्न येतो, "अहो, बाळ अजून पोटात आहे, मग इंजेक्शन आईला कशाला? त्याने बाळाला काही अपाय तर होणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. परंतु त्याचे पूर्ण उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, कारण त्या उत्तरामागे सुमारे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. त्या इतिहासात अनेक देशांतील हजारो माता आहेत, आणि आपल्या नागपूर-बेळगाव परिसरातील माताही आहेत.

एका इंजेक्शनची हकीकत

गर्भातील बाळाची फुप्फुसे हवेने भरलेली नसतात. जन्मल्यावर पहिला श्वास घेताना ती उघडतात आणि पुढे उघडी राहतात, ती त्यांच्या आतील एका स्निग्ध थरामुळे. या द्रव्यास सर्फॅक्टंट म्हणतात. ते गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेशा प्रमाणात तयार होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे प्रत्येक श्वासानंतर मिटू लागतात. बाळ कण्हते, त्याची छाती आत ओढली जाते, आणि श्वास घेण्याच्या श्रमानेच ते थकून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रसूतीविषयक प्रयोग करीत होते. स्टिरॉइड दिल्यानंतर फार लवकर जन्मलेली काही कोकरे अपेक्षेपेक्षा अधिक काळ जगली आणि त्यांची फुप्फुसे काही अंशी उघडलेली आढळली. त्यावरून त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टर रॉस हॉवी यांनी मातांवर रीतसर चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. मुदतपूर्व प्रसूतीचा संभव असलेल्या २८२ मातांचा तीत समावेश होता. कोणत्या मातेस औषध मिळावे आणि कोणत्या मातेस तुलनेचे इंजेक्शन मिळावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. ज्यांची प्रसूती आपोआप लवकर झाली, त्यांच्या बाळांपैकी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण तुलनेच्या गटात १५ टक्के होते, तर औषधाच्या गटात ३.२ टक्के. श्वसनाचा त्रास झालेल्या बाळांचे प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले.

एवढा स्पष्ट फरक दिसल्यावर जगभरातील प्रसूतितज्ज्ञांनी हे स्वस्त व साधे इंजेक्शन लगेच स्वीकारले असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे घडले नाही. पुढील दोन दशके बहुसंख्य डॉक्टर साशंकच राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून या उपचाराची निःसंदिग्ध शिफारस केली ती १९९४ साली, म्हणजे पहिल्या चाचणीनंतर बावीस वर्षांनी. या मधल्या काळात अपुऱ्या दिवसांची हजारो बाळे टाळता येण्याजोग्या कारणाने दगावली.

पुरावा होता, परंतु विखुरलेला

ही दिरंगाई कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाली असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. १९७२ नंतर निरनिराळ्या देशांत या इंजेक्शनच्या आणखी चाचण्या झाल्या. त्यांतील बऱ्याच लहान होत्या. काहींत फायदा दिसला, काहींत तो स्पष्ट दिसला नाही. ज्या डॉक्टरांनी पहिला अहवाल वाचला त्यांचे मत एक झाले, ज्यांनी दुसरा वाचला त्यांचे दुसरे. सर्व अहवाल एकत्र मांडून कोणी पाहिले नव्हते.

आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' अशी म्हण आहे. स्वयंपाकघरात ती खरी ठरते, कारण पातेल्यातील सगळा भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. एक शीत दाबून पाहिले की उरलेल्याची कल्पना येते. माणसांचे तसे नसते. प्रत्येक मातेचे वय, पोषण, आजार, बाळाचे वजन वेगळे असते, आणि त्यांत योगायोगाचाही भाग असतो.

हे एका काल्पनिक हिशेबाने समजून घेऊ. समजा, उपचाराविना शंभरापैकी पंधरा बाळे दगावतात आणि उपचाराने हे प्रमाण दहावर येते. हा फरक मोठा आहे. परंतु प्रत्येक गटात साठच माता असतील तर एका बाजूस साधारण नऊ मृत्यू दिसतील आणि दुसऱ्या बाजूस सहा. तीन मृत्यूंचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. एखाद्या चाचणीत तो उलटाही दिसेल. त्यामुळे कोणताही सावध संशोधक "फरक सिद्ध झाला नाही" असेच लिहील, आणि वाचणारा "म्हणजे उपयोग नाही" असा अर्थ घेईल. या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. आता अशा अनेक चाचण्या एकत्र करून प्रत्येक बाजूस दोन हजार माता झाल्या, तर तीनशे मृत्यूंसमोर दोनशे मृत्यू उभे राहतील. एवढा फरक योगायोगाच्या माथी मारता येत नाही. जे साठांत दिसत नव्हते ते दोन हजारांत दिसू लागते.

पद्धतशीर आढावा म्हणजे काय

एखाद्या प्रश्नावर झालेले सर्व संशोधन ठरावीक नियमांनी शोधून, पारखून, एकत्र मांडण्याच्या कामास पद्धतशीर आढावा असे म्हणतात. डॉक्टर मंडळी त्यास 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणतात. एखाद्या ज्येष्ठ तज्ज्ञाने आपल्या अनुभवावरून आणि वाचनावरून लिहिलेला लेख व हा आढावा यांत मूलभूत भेद आहे. तज्ज्ञाच्या लेखात त्याला आठवलेले, आवडलेले, हाती लागलेले संशोधन येते. पद्धतशीर आढाव्यात नावडते संशोधनही यावे लागते.

त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. प्रथम प्रश्न नेमका ठरविला जातो. कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम पाहावयाचा, या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्या लागतात. "स्टिरॉइड चांगले की वाईट?" हा प्रश्न आढाव्यास उपयोगाचा नाही. "मुदतपूर्व प्रसूतीचा संभव असलेल्या मातेस हे इंजेक्शन दिल्यास, न दिल्याच्या तुलनेत, बाळाच्या मृत्यूचे प्रमाण कमी होते काय?" हा प्रश्न उपयोगाचा आहे.

त्यानंतर काम कसे करावयाचे याचा आराखडा आधीच लिहून जाहीर केला जातो, म्हणजे निष्कर्ष पाहून नियम बदलण्यास वाव राहत नाही. मग शोध सुरू होतो. प्रसिद्ध झालेले, न झालेले, इंग्रजीतील व इतर भाषांतील असे सर्व संशोधन धुंडाळले जाते. न झालेल्यांचा आग्रह का, असे कोणी विचारील. ज्या चाचणीत औषध यशस्वी ठरते तिचा अहवाल उत्साहाने छापला जातो, अपयशी ठरलेल्या चाचणीचे कागद कपाटात राहतात. केवळ छापलेलेच मोजले तर प्रत्येक औषध आहे त्याहून गुणी भासेल. यावर उपाय म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करण्याची पद्धत जगभर रूढ झाली. भारतात अशी नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी सक्तीची झाली.

सापडलेल्या प्रत्येक अभ्यासाची पारख निदान दोन व्यक्ती एकमेकींपासून स्वतंत्रपणे करतात. रुग्णांची गटवारी खरोखर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे झाली होती काय, मध्येच किती रुग्ण गळाले, परिणाम मोजणाऱ्यास कोणाला काय मिळाले हे ठाऊक होते काय, असे प्रश्न विचारले जातात. मग, शक्य असेल तेथे, सर्व चाचण्यांचे आकडे गणिती रीतीने एकत्र केले जातात. मोठ्या चाचणीस अधिक वजन, लहानीस कमी. अखेरीस या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा हेही सांगितले जाते. नवे संशोधन आले की आढावा पुन्हा केला जातो.

ही कल्पना रुजविण्याचे मोठे श्रेय ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन यांच्याकडे जाते. १९७२ साली, म्हणजे ऑकलंडच्या चाचणीचे निष्कर्ष आले त्याच वर्षी, त्यांचे आरोग्यसेवेची परिणामकारकता व काटकसर यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सार्वजनिक पैशातून दिल्या जाणाऱ्या उपचारांची उपयुक्तता आधी सिद्ध झालेली असावी, हा त्यांचा आग्रह होता. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या व्यवसायावर कठोर टीका केली, की प्रत्येक वैद्यकशाखेतील चाचण्यांचा वेळोवेळी नवा केलेला चिकित्सक गोषवारा आम्ही अद्याप तयार केलेला नाही. त्यांची टीका विशेषकरून प्रसूतिशास्त्रावर होती, आणि त्याच शाखेने पुढे सर्वांत आधी हे काम मनावर घेतले. ऑक्सफर्डमध्ये इयन चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपण व प्रसूतीविषयक चाचण्या एकत्र केल्या, आणि १९८९ मध्ये या इंजेक्शनवरील पद्धतशीर आढावा प्रथमच प्रसिद्ध झाला. मृत्यूचा संभव ३० ते ५० टक्क्यांनी घटतो असे त्या काळातील एकत्रित पुराव्यातून दिसत होते. १९९३ मध्ये कॉक्रेन यांचे नाव दिलेली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

त्या संघटनेचे बोधचिन्ह पाहण्यासारखे आहे. त्यात मध्यभागी एक उभी रेषा आणि सात आडव्या रेषा आहेत. प्रत्येक आडवी रेषा ही याच इंजेक्शनची एकेक चाचणी होय. बहुतेक आडव्या रेषा मधल्या उभ्या रेषेस स्पर्श करतात, म्हणजे एकेकटीला ठामपणे काही सांगता येत नाही. परंतु खाली एक लहानसा चौकट-हिरा आहे. तो सातही चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे आणि तो उभ्या रेषेच्या स्पष्टपणे एका बाजूस आहे. पहिल्या चाचणीनंतर दहा वर्षांतच कोणी हा आढावा घेतला असता तर हे चित्र तेव्हाच दिसले असते. विलंबाची ही जाणीव कायम राहावी म्हणून तेच चित्र संघटनेने आपली खूण म्हणून स्वीकारले आहे.

आपल्या भागातून आलेला धोक्याचा इशारा

हकीकत येथे संपली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु तिचा दुसरा भाग आमच्यासारख्या रुग्णालयांना अधिक महत्त्वाचा आहे.

सुरुवातीच्या चाचण्या बव्हंशी श्रीमंत देशांतील मोठ्या रुग्णालयांत झाल्या होत्या. जगातील बहुसंख्य अपुऱ्या दिवसांची बाळे मात्र गरीब देशांत जन्मतात. मग हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत नेले तर? या विचाराने अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या सहा देशांत 'ॲक्ट' नावाची मोठी चाचणी झाली. भारतातील तिची दोन केंद्रे नागपूर आणि बेळगाव ही होती. ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१४ या काळात सुमारे ९८ हजार जिवंत जन्मांची नोंद झाली. काही वस्त्यांच्या समूहांत आरोग्य कर्मचाऱ्यांना मुदतपूर्व प्रसूती ओळखण्याचे आणि इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण व साहित्य मिळाले. उरलेल्या समूहांत नेहमीची सेवा चालू राहिली.

निष्कर्षांनी सर्वांनाच धक्का बसला. अत्यल्प वजनाच्या बाळांत, ज्यांना लाभ व्हावा अशी अपेक्षा होती, मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आणि सर्व बाळांचा एकत्रित विचार करता, इंजेक्शनची मोहीम राबविलेल्या भागांत नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ होते, तर इतरत्र २३.९. म्हणजे हजारी साडेतीन मृत्यू अधिक. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका आल्याचे प्रमाणही वाढलेले दिसले.

जे औषध एके ठिकाणी बाळे वाचविते ते दुसरीकडे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक कसे ठरावे? संशोधकांनी शक्य कारणांचा ऊहापोह केला. गर्भाचे वय नक्की ठाऊक नसल्याने दिवस जवळजवळ भरलेल्या पुष्कळ मातांनाही इंजेक्शन मिळाले. त्यांच्या बाळांना त्याची गरज नव्हती, त्यामुळे लाभ नाही, पण जोखीम मात्र आली. दुसरी गोष्ट, फुप्फुसे थोडी परिपक्व होऊन जन्मलेल्या अशक्त बाळाला ऊब, दूध, प्राणवायू आणि जंतुसंसर्गापासून संरक्षण लागतेच. ते नसेल तर एकटे इंजेक्शन काय करणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी शिफारस केली तीत म्हणूनच अटी स्पष्टपणे घातल्या. गर्भाचे वय अचूक ठरविता आले पाहिजे, प्रसूती लवकरच होण्याचा संभव असला पाहिजे, मातेस जंतुसंसर्गाची लक्षणे नसावीत, सुरक्षित प्रसूतीची सोय असावी, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पुरेशी काळजी घेता यावी.

तरीही एक शंका उरली. आपल्यासारख्या देशांतील रुग्णालयांत, या अटी पाळून इंजेक्शन दिले, तर बाळे खरोखर वाचतात काय? ही शंका खरी होती, आणि शंका खरी असते तेव्हाच चाचणी करणे नीतीला धरून असते. 'ॲक्शन' नावाची ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील २९ रुग्णालयांत २८५२ मातांनी तीत भाग घेतला. सोनोग्राफीच्या आधारे गर्भाचे वय ठरविण्यात आले. २६ आठवडे पूर्ण झालेल्या परंतु ३४ पूर्ण न झालेल्या मातांनाच घेतले गेले. औषध होते डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने, जास्तीत जास्त चार वेळा. नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गटातील २३.५ टक्क्यांवरून औषधाच्या गटात १९.६ टक्क्यांवर आले. मातांमध्ये जंतुसंसर्ग वाढला नाही. लाभ इतका स्पष्ट झाला की स्वतंत्र देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी नियोजित वेळेपूर्वीच थांबविण्यात आली. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर पंचवीस मातांना औषध दिल्यास एक बाळ वाचते, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे.

त्याच वर्षी कॉक्रेन संघटनेचा आढावा पुन्हा नवा करण्यात आला. त्यात २७ चाचण्या आणि ११,२७२ माता समाविष्ट होत्या. आजवरचा सर्व पुरावा एकत्र पाहता इंजेक्शनचा लाभ कायम राहिला, आणि तो कोणत्या परिस्थितीत होतो हेही अधिक स्पष्ट झाले.

आपल्या मातीतला पुरावा

यावरून कोणी असे समजू नये की पुरावा नेहमी परदेशातून येतो आणि आपण तो केवळ वापरतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तरी एवढ्यावर कोणी देशव्यापी कार्यक्रम आखला नाही, आणि तेच योग्य होते. भारत, बांगलादेश, पाकिस्तान येथे अशा प्रकारच्या आणखी चाचण्या झाल्या. त्या एकत्र पाहिल्यावर घरभेटींचा लाभ दिसून आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम सुरू केला.

एका जिल्ह्यातील नेटक्या नोंदी अशा रीतीने देशाच्या धोरणापर्यंत पोहोचतात. ज्या मातांनी आपल्या बाळाचे वजन लिहू दिले, ज्या कार्यकर्तीने ते प्रामाणिकपणे लिहिले, त्यांचा त्यात वाटा आहे. आपल्या रुग्णांचा समावेश नसलेल्या पुराव्यावर विसंबावे लागले की काय होते, हे 'ॲक्ट' चाचणीने दाखविले आहेच.

याचा आपल्या रुग्णालयाशी संबंध

विश्वस्त मंडळी आणि देणगीदार यांच्या दृष्टीने या हकीकतीचा बोध सरळ आहे. हे औषध स्वस्त आहे. महाग आहे ते त्याच्या भोवतीचे सर्व काही. गर्भाचे वय ठरविण्यासाठी वेळेवर होणारी सोनोग्राफी, चोवीस तास उपलब्ध असणारी प्रशिक्षित परिचारिका, बाळाला ऊब देणारे वॉर्मर, मोजून दिला जाणारा प्राणवायू, आईचे दूध काढून देण्याची व्यवस्था, हात धुण्याचे साधे बेसिन आणि साबण. यांपैकी कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी शोभून दिसत नाही. तरीही ही साखळी तुटली तर इंजेक्शनचा गुण तुटतो. "आम्ही वर्षभरात इतक्या मातांना इंजेक्शन दिले" असे लिहून अहवाल सजविता येईल, परंतु त्यातील किती मातांना ते योग्य दिवसांत मिळाले आणि पुढे बाळाची काळजी घेतली गेली, हाच खरा हिशेब होय.

नवे यंत्र वा नवा उपचार सुचविला जातो तेव्हा आम्ही स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. या विषयावर पद्धतशीर आढावा उपलब्ध आहे काय आणि तो काय सांगतो? ज्या परिस्थितीत लाभ दिसला ती परिस्थिती आपल्याकडे आहे काय? आणि त्याच पैशातून याहून अधिक जीव वाचविणारे काही राहून जात आहे काय? एखाद्या उदार दात्याने देऊ केलेल्या वस्तूऐवजी आम्ही दुसरे काही सुचविले, तर त्यामागे औदार्याचा अनादर नसतो. त्या औदार्यातून जास्तीत जास्त हित साधावे, एवढाच हेतू असतो.

पद्धतशीर आढावा सर्व प्रश्नांची उत्तरे देतो असा आमचा दावा नाही. कित्येक प्रश्नांवर "पुरावा अपुरा आहे" एवढेच त्यातून निष्पन्न होते. मूळ चाचण्या सदोष असतील तर त्यांची बेरीजही सदोष राहते. शिवाय आढावा अनेकांच्या सरासरीविषयी बोलतो, आणि आमच्यासमोर असते ती एक माता. तिची प्रकृती, तिची इच्छा आणि डॉक्टरांचा अनुभव यांची जागा कोणताही आढावा घेऊ शकत नाही. परंतु निर्णयाची सुरुवात कोठून करावी हे तो सांगतो, आणि आमच्या वैयक्तिक आवडीनिवडींना लगाम घालतो. हेही थोडके नव्हे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. घरात गर्भवती असेल तर तिच्या शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवावी. पहिल्या तिमाहीत नाव नोंदवून तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे. उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय तितक्या अचूकपणे सांगता येत नाही. दिवस भरण्याआधी पोटात कळा येऊ लागल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त जाऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता अशा बाळाची सोय असलेल्या रुग्णालयात आणावे. इंजेक्शनचा पूर्ण गुण येण्यास काही तास लागतात, आणि ते तास कुटुंबीयांच्या हाती असतात. आणि डॉक्टरांना अवश्य विचारावे, की हा उपचार कशासाठी, त्याने काय लाभ होईल, काय अपाय संभवतो आणि तो न केल्यास काय होईल. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट असे प्रश्न आम्हांसही जागे ठेवतात.

बाकावर बसलेल्या त्या आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. होय, इंजेक्शन आईला देतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. होय, ते बाळाच्या फुप्फुसांना बळ देते, आणि हे हजारो माता-बाळांच्या नोंदी एकत्र तपासून ठरले आहे. आणि त्याने अपाय होऊ नये म्हणून आधी दिवस मोजावे लागतात, आईला तपासावे लागते आणि बाळासाठी ऊबदार जागा तयार ठेवावी लागते.